राणीचा हुकूम आणि इंत्रुदुचं पाणी

१

शनिवारी सकाळी बेर्नार्दा लाझारू ही केकसाठी रवा भाजत होती आणि तिचा नवरा जोकी अंगणात बसून घागर घासत होता. घागर गुरुवारपासून तीनदा घासून झाली होती. पण दुसऱ्या दिवशी इंत्रुदु होता, आणि इंत्रुदुच्या आदल्या दिवशी मलाक्क्याच्या ट्रांकेरा आळीतल्या माणसाला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. उपासाचे चाळीस दिवस राखेच्या बुधवारी लागतात, त्याआधीचा तो शेवटचा रविवार. त्या दिवशी म्हातारेकोतारेसुद्धा कोरडे राहत नाहीत, पुरुष बायकांचे सारोंग नेसून मिरवतात, बायका नवऱ्यांच्या विजारी चढवतात आणि सगळी आळी चिंब होऊन एकमेकांच्या घरी जेवते.

तेवढ्यात शेजारीण कुंपणापाशी आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "वाईट बातमी राखेच्या बुधवारपर्यंत तोंडातच ठेवायची आपली रीत आहे, बेर्नार्दा. पण ही कशी ठेवू? राणीचा हुकूम हरवलाय म्हणे."

बेर्नार्दाचा हात थांबला. रवा करपला तो करपलाच.

झालं होतं असं. गेल्या वर्षी इंत्रुदुच्या तोंडावर वसाहतीच्या कायदेमंडळातल्या बारा साहेबांनी टेबलाभोवती बसून ठरवलं, की रस्त्यात माणसावर पाणी टाकणं हा गुन्हा. कुणा पाहुण्या मडमेची टोपी भिजली होती, एवढंच निमित्त. पहिल्या खेपेला चौदा दिवस कोठडी, दुसऱ्या खेपेला तीन महिने. साऱ्या मलाक्क्यात पहिली घागर ओतली ती जोकीने, तीही थेट पोलिसाच्या अंगावर. चौदा दिवस भोगून तो खोकत घरी आला, तो अजून खोकतच होता. सहासष्ट वर्षांचं वय, आणि कोठडीची भिंत समुद्राकडची, ओली.

मग बेर्नार्दाने पदर खोचला. कायदेमंडळाने केलेला कायदा उलटवायचा हक्क एकट्या राणीला आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं. तिने घरोघर फिरून अर्जावर तीनशे बारा जणांच्या सह्या घेतल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक नुसत्या फुल्या. अर्ज बोटीने विलायतेला गेला. आळीने तिची यथेच्छ थट्टा केली. आणि या गुरुवारी, बोटीने एका रात्रीवर असलेल्या वसाहतीच्या राजधानीहून तार आली: 'राणीसाहेबांनी पाण्याचा कायदा नामंजूर केला आहे. हुकूम शुक्रवारच्या बोटीने येत आहे. हाती पडताच जाहीर करावा.'

शुक्रवारी बोट आली. हुकूम आला नाही.

"हुकूम हरवू दे नाहीतर तळून खाऊ दे कुणी," जोकी घागर उपडी करत म्हणाला. "उद्या देवळातली मिसा सुटली की मी पाणी टाकणार. शब्द दिलाय आळीला."

"तीन महिने, जोकी! ऐकू येतं का? तीन महिने!"

"येतं की. माझा खोकला बिघडलाय, कान नाही."

बेर्नार्दाने करपलेला रवा कोंबड्यांपुढे टाकला, डोक्यावर रुमाल बांधला आणि तरातरा कचेरीकडे निघाली. तिच्यापाशी एक दिवस होता.

२

मॅजिस्ट्रेट होल्ट हा सव्वीस वर्षांचा लाल कानांचा तरुण. वर्षभरापूर्वी आला, आणि आल्या आल्या जोकीला कोठडीत टाकायचं काम त्याच्याच वाट्याला आलं. तेव्हापासून बेर्नार्दासमोर त्याचे कान जास्तच लाल व्हायचे.

"टिया, बसा," तो म्हणाला. आळीतल्या वडीलधाऱ्या बायकांना टिया आणि पुरुषांना टिऊ म्हणायचं, हे तो शिकला होता; आळी त्याला तुआन, म्हणजे साहेब, म्हणायची. "मला उद्या तुमच्या लोकांत खेळायचं होतं हो. जुनी विजारसुद्धा काढून ठेवलीय."

"मग खेळा की, तुआन. तार आलीय ना?"

"तारेने कायदा मरत नाही. शिक्क्याचा हुकूम हातात यायला हवा, तो मी चौकात वाचून दाखवायला हवा. तोवर कायदा जिवंत. पुढची बोट मंगळवारी." त्याने मान खाली घातली. "तुमचे मालक उद्या..."

"टाकणार. त्यांना थांबवायचं तर त्यांना विहिरीत टाकावं लागेल, आणि ते तर त्यांना आवडेल."

होल्टला हसू आलं. टेबलावर कालच्या टपालातून आलेलं सरकारी गॅझेट पडलं होतं, पहिल्या पानाला बोटभर जाड काळी चौकट. बेर्नार्दाने बोट दाखवलं. "हे काय?"

"राणीच्या घरात कुणी तरुण माणूस गेलंय. सुतक आहे."

बेर्नार्दाने छातीवर क्रूस केला. बिचारी म्हातारी, घरात मढं असताना आपल्या फुल्या वाचत बसली, असं तिच्या मनात आलं आणि तिला राणीविषयी पहिल्यांदाच माया वाटली. मग ती कामाला लागली. "बोटीवरून थैली कुणी घेतली?"

"इन्स्पेक्टर केसींच्या देखत आपल्या इनासियु शिपायाने. लाखेचा शिक्का शाबूत होता. इथे हेडक्लार्क डँकरनी तो फोडला. बोटीच्या यादीत आठ नग आहेत. डँकरना कचेरीचे पाच मिळाले. माझे खाजगी दोन बंगल्यावर आले, एक शिंप्याचं पत्र आणि एक वर्तमानपत्र."

"पाच आणि दोन सात."

"सात," होल्ट म्हणाला. "आठवं कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही. आणि शिक्का फुटल्यावर थैलीला हात लावणारी माणसं दोनच."

३

थैली ज्याच्या देखत उतरली, त्या इन्स्पेक्टर केसीपासून तिने सुरुवात केली. तो धक्क्यावर सापडला. हा गडी कायद्याच्या बाजूचा, असं आळी धरून चालली होती, कारण पहिली घागर ज्या पोलिसाच्या अंगावर पडली तो हाच.

"मी? मी हुकूम लपवीन?" केसीने कपाळावर हात मारला. "बाई, तुमचा नवरा कोठडीत चौदा रात्री गात होता. माझं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. बायको माहेरी निघाली होती. आता तीन महिने? त्यापेक्षा मीच पाणी टाकतो आणि मीच आत जाऊन बसतो, निदान झोप तरी मिळेल."

बेर्नार्दाने त्याला यादीतून खोडलं. जोकीचं गाणं तिला ठाऊक होतं.

राहिला एमिल डँकर. कडक कॉलर, कडक मिश्या, कडक चेहरा. दर इंत्रुदुला हा दारं-खिडक्या लावून घरात बसतो, असं सगळे म्हणत. त्याला पाणी आवडत नाही, माणसं आवडत नाहीत, हसणं तर मुळीच आवडत नाही.

"पाच पाकिटं," डँकर म्हणाला. "पाचही मी वहीत चढवली. हुद्द्याच्या नावाने आलेलं पाकीट कचेरीचं, माणसाच्या नावाने आलेलं साहेबांचं. ते इनासियु वेगळं काढतो आणि बंगल्यावर नेतो. त्याच्याकडे बघायचं आमचं काम नाही. वीस वर्षांची पद्धत आहे ही."

"आणि हा कुलूप लावलेला खण?" बेर्नार्दाने त्याच्या टेबलाकडे बघत विचारलं.

डँकरचा चेहरा कॉलरीसारखा पांढरा पडला. "खाजगी आहे."

"सिन्योर डँकर, माझा म्हातारा उद्या तीन महिन्यांसाठी आत जाणार आहे. त्या ओल्या भिंतीशी तो तीन महिने टिकणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. खण उघडा, नाहीतर मी इथेच बसून रडायला लागते. मी रडायला लागले की बाजारापर्यंत ऐकू जातं."

डँकरने दार लावलं. किल्ली फिरवली. खणात हुकूम नव्हता. तिथे नीट घडी घातलेला एक पांढरा झगा होता, सॅटिनचे मोजे होते आणि पायघोळ जाळीदार बुरखा.

बेर्नार्दा बघतच राहिली. दर इंत्रुदुला दुपारी एक उंच नवरी कुठूनतरी यायची, बुरखा न काढता सगळ्यांशी नाचायची आणि अंधार पडायच्या आत नाहीशी व्हायची. ही कोण, यावर सात वर्षं आळीत पैजा लागत होत्या. गेल्या वर्षी कायद्यामुळे नवरी आलीच नाही, तेव्हा पोरी हिरमुसल्या होत्या.

"तुम्ही?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"बाहेर बोललात तर..." डँकर पुटपुटला.

"मेले तरी नाही बोलणार. जोकी तुमच्याबरोबर दोनदा नाचलाय हो! वर मला म्हणाला, काय हलके पाय आहेत पोरीचे!"

कडक मिश्यांखाली काहीतरी हललं. ते हसू होतं. या माणसाने हुकूम लपवला नव्हता, हे सांगायला आणखी पुरावा नको होता. मग राहिला एकच माणूस, आणि त्याचं नाव मनात आणायलासुद्धा बेर्नार्दाला लाज वाटत होती.

४

इनासियु सेकेरा, वय सत्तर. कचेरीचा शिपाई, देवळाचा घंटावाला. बेर्नार्दाच्या लग्नाची घंटा त्यानेच वाजवली होती. अर्जावरची पहिली फुली त्याचीच. हा माणूस कुणाचं वाईट करील, हे समुद्र गोड झाला म्हणण्यासारखं होतं.

तो बंगल्याच्या मागच्या पायरीवर साहेबाचे बूट पुसत होता. शेजारी ताटलीत केकचा मोठा तुकडा झाकून ठेवलेला.

"टिऊ इनासियु, राणीचा हुकूम तुम्ही पाहिलात?"

"नाही गं पोरी."

"थैलीतून काढताना? वाटेत? बंगल्यावर?"

म्हाताऱ्याने बूट खाली ठेवला. उजवा हात वर केला. "सान पेद्रूची शपथ. मुकुटाचा शिक्का असलेली पाचच पाकिटं होती, ती डँकरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. राणीचं सहावं पाकीट मी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर नाचत आणलं नसतं का?"

बेर्नार्दाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. कोळ्यांच्या संताची शपथ घेऊन इनासियु खोटं बोलणार नाही. ती परत फिरली, तसा तो मागून म्हणाला, "उद्या तुआनला भरपूर खेळू द्या हं. पोर आहे ते. एवढा एक दिवस त्याला हसू दे."

फाटकाशी होल्ट भेटला. "इनासियुशी बोललात? कालपासून काय झालंय त्याला कळत नाही. केक काय आणतो, बूट चारचार वेळा पुसतो. सकाळी तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला! आईची तब्येत कशी आहे, शेवटचं पत्र कधी आलं, विचारत होता. आजारी आहे ना ती, सगळ्या गावाला माहीत आहे."

बेर्नार्दा घरी आली तेव्हा जोकी घागरीला फुलांची माळ बांधत होता. रात्रभर तिला झोप लागली नाही. तिघेही खरं बोलत होते, आणि तिघेही खरं बोलत असतील तर पाकीट गेलं कुठे?

५

रविवारची मिसा. देऊळ खचाखच भरलेलं, पण कुणाचंही प्रार्थनेत लक्ष नव्हतं. बाकांखाली घागरी, बादल्या, नारळाच्या करवंट्या. बेर्नार्दा गुडघ्यांवर होती आणि मनातल्या मनात देवाशी भांडत होती.

तिने मान वळवली तर बाजूच्या वेदीशी इनासियु मेणबत्ती लावत होता. त्या वेदीशी फक्त मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावतात. आणि इंत्रुदुच्या दिवशी तिकडे कुणी फिरकत नाही. सुतक असलेलं माणूससुद्धा बुधवारपर्यंत थांबतं.

इनासियुच्या घरचं कुणी मेलेलं नव्हतं. मेलं असतं तर आळीला कळलं असतं. मग ही मेणबत्ती कुणासाठी?

पोर आहे ते. एवढा एक दिवस त्याला हसू दे.

बेर्नार्दा ताडकन उठली. शेजारणीच्या पायावर पाय देत, माफ कर म्हणत ती बाजूच्या वेदीशी पोचली.

"टिऊ, तुआनची आई गेली का?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "हळू बोल! तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच आत्ता. पत्र आलं होतं ना? काळ्या किनारीचं?"

"सगळ्या बाजूंनी काळं, पोरी. वर तुआनचं नाव. होल्ट ही अक्षरं मी ओळखतो. वाईट बातमी कुणी इंत्रुदुच्या आधी देतं का? तुझा भाऊ गेल्याचं पत्र नव्हतं का मी नऊ दिवस ठेवलं? तसंच ठेवलंय. सान पेद्रूच्या मूर्तीमागे. बुधवारी कपाळाला राख लागली की देईन. तोवर त्याच्या वाटची प्रार्थना मीच करतोय."

बेर्नार्दाला हसावं की रडावं कळेना. सुतक राणीच्या घरचं होतं. सरकारी गॅझेटला काळी किनार, तशीच राणीच्या हुकमाच्या पाकिटालाही. वर मुकुटाऐवजी नुसतं होल्टचं नाव, म्हणून पाकीट खाजगी ढिगात गेलं आणि चांगुलपणाच्या पोटी मूर्तीमागे.

पण ते खरंच हुकूमच असेल? आणि आईचं पत्र असलं तर?

बाहेर कुणीतरी आरोळी ठोकली. मिसा सुटली होती, आणि जोकी घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे होता.

६

इनासियुचं घर देवळाला लागूनच. बेर्नार्दाने मूर्तीमागे हात घातला. मोठं पाकीट, चारी बाजूंनी काळं. म्हातारा तिच्या मनगटाला धरून होता. "नको गं! आजचा दिवस नको! त्याने आयुष्यात पहिल्यांदा जुनी विजार घातलीय!"

बेर्नार्दालाही तोच विचार पडला होता. चुकलं, तर आईवेगळ्या झालेल्या पोराचा एकुलता एक आनंदाचा दिवस आपण आपल्या हाताने मोडणार. नवऱ्याला वाचवायला दुसऱ्याच्या पोराला रडवायचं? तिने पाकीट उजेडात धरलं, कोपरा बोटांनी दाबला. चाळीस वर्षं ती कोळ्याची बायको होती. समुद्र कागदाचं काय करतो, हे तिच्या बोटांना माहीत होतं. विलायतेहून येणारं पत्र महिनाभर बोटीच्या पोटात दमट होतं, मऊ पडतं, पापडासारखं सादळतं. तिच्या भावाचं ते पत्र जवळच्या बटाव्ह्याहून आलं तरी लिबलिबीत झालं होतं. हे पाकीट कडक होतं, डँकरच्या कॉलरीसारखं.

"टिऊ, हा कागद एका रात्रीपेक्षा जास्त बोटीत नव्हता. हे पत्र राजधानीहून आलंय. तुआनची आई राजधानीत राहते का?"

इनासियुने नकारार्थी मान हलवली. त्याने मनगट सोडलं.

चौकात सगळी आळी गोळा झाली होती. एका बाजूला केसी आणि त्याचे चार शिपाई मान खाली घालून उभे. मधे होल्ट, अंगात जुनी विजार आणि वर सरकारी कोट. समोर जोकी, डोक्यावर घागर, घागरीला माळ. तो खोकला. घागर हिंदकळली.

"टिऊ जोकी, कृपा करून ती खाली ठेवा," होल्ट म्हणत होता. त्याचा आवाज चिरकत होता. "मला हे करायला लावू नका."

"तुम्ही तुमचं काम करा, तुआन. मी माझं करतो. राग नाही."

"थांबा!" बेर्नार्दा गर्दीतून घुसली आणि पाकीट होल्टच्या हातात दिलं.

त्याला आधी काळी किनारच दिसली. कानांचा लाल रंग पार उडाला. "आई," तो म्हणाला, अगदी हळू. बेर्नार्दाने त्याचं कोपर धरलं. "उघडा, बाळा. मी आहे इथे."

त्याने उघडलं. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग रस्त्याच्या मधोमध मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. आई ठणठणीत असो की नसो, या पाकिटात ती नव्हती. या पाकिटात राणी होती.

"वाचा, साहेब!" केसी ओरडला. "देवासाठी वाचा, म्हाताऱ्याचे हात थकलेत!"

होल्ट उठला आणि मोठ्याने वाचू लागला. अमुक सालचा अमुक कायदा, कायदेमंडळाने रीतसर केलेला, राणीसाहेबांनी विचारात घेऊन नामंजूर केला असून, हे जाहीर झाल्या क्षणापासून तो रद्दबातल... वाक्य मैलभर लांब होतं. जोकीच्या घागरीतून थेंब गळत होते. "झालं का?" त्याने विचारलं. "अजून नाही, पूर्णविराम यायचाय," केसी दात आवळून म्हणाला. "आधी टाकलंत तर तीन महिने!"

"...समजावा," होल्ट म्हणाला आणि कागद कोटाच्या आत खोचला.

बेर्नार्दाने होल्टला मूर्तीमागची आणि मेणबत्तीची सगळी हकिकत सांगितली. इनासियु गर्दीच्या कडेला उभा राहून डोळे पुसत होता. होल्ट त्याच्याकडे गेला. सगळ्यांना वाटलं, आता म्हाताऱ्याची नोकरी गेली. होल्टने वाकून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "माझ्या आईसाठी आजवर कुणी अशी दोन दिवस प्रार्थना केली नव्हती, टिऊ. तुम्ही केलीत. चालू ठेवा."

आळी एकदम बोलायला लागली. राणी जिंदाबाद, कुणीतरी ओरडलं. "राणीने आपल्याला काय दिलं?" जोकी म्हणाला. "पाणी आपलंच होतं. बारा साहेबांनी त्यावर हात ठेवला होता, तिने तो उचलला, एवढंच. तरी चांगली बाई आहे." आणि त्याने पहिली घागर कुणावर ओतावी म्हणून नजर फिरवली. केसीने आपणहून टोपी काढली.

बेर्नार्दाने घागर जोकीच्या हातातून काढून घेतली. वर्षभराचा राग, चौदा रात्री एकटीने ऐकलेला समुद्र, तीनशे बारा सह्यांसाठी दारोदार मारलेली थाप, रात्रीच्या अंधारात मोजलेला प्रत्येक खोकला, सगळं तिच्या हातांत आलं. तिने घागर उचलली आणि पूर्ण, शेवटच्या थेंबापर्यंत, नवऱ्याच्या डोक्यावर ओतली.

चौक हादरून हसला. जोकी निथळत उभा राहिला. मिश्यांतून पाणी गळत होतं आणि डोळ्यांतूनही गळत असावं, पण आज ते कुणाला कळणार नव्हतं. त्याने रिकामी घागर तिच्या हातातून घेतली, तिचा हात मात्र सोडला नाही.

"चल," तो म्हणाला. "विहिरीवर गर्दी व्हायच्या आत."